हात न उगारता

१९१९ साली कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी एक कायदा केला. घरातल्या बाईला क्रूरपणे वागवणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. त्याच सुमारास काडीमोडाचा आणि आंतरजातीय विवाहाचा कायदाही आला. शाहूंचं नाव निघालं की कोल्हापुरात वसतिगृहं आठवतात, १९०२चं आरक्षण आठवतं, राधानगरीचं धरण आठवतं. हा छळाविरुद्धचा कायदा मात्र फारसा कुणी काढत नाही. त्याची थोरवी कळायला पुढचा हिशेब पाहावा लागतो. नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेल्या छळासाठी देशाच्या दंडसंहितेत स्वतंत्र कलम आलं ते १९८३ साली, ४९८-अ. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा आला २००५ साली. एका संस्थानिकाला जे सुचलं ते देशाला सुचायला चौसष्ट आणि शहाऐंशी वर्षं लागली.

पण कायदा पुराव्यावर चालतो. अंगावरचा वळ, सुजलेला डोळा, शेजारणीची साक्ष. ज्या संसारात यातलं काहीच नाही, तिथे कायदा दाराबाहेर थांबतो. नवरा हात उगारत नाही, शिवी देत नाही, चारचौघांत अतिशय सभ्य आहे. फक्त माहेराहून आलेलं पत्र आधी तो फोडतो. बाजारात किती वेळ लागला ते विचारतो. मैत्रीण घरी आली की त्याचा चेहरा उतरतो, आणि चार वेळा तसं झालं की मैत्रीण यायची बंद होते. पगार तिचा असला तरी पासबुक त्याच्या कपाटात. अशी बाई कुठे आणि काय तक्रार करणार? तिचं काय हरवलं आहे हे तिलाच धड सांगता येत नाही.

हे सांगण्याचं काम मराठीत कायद्याच्या आधी कथा-कादंबरीने केलं. ते तिने कसं केलं आणि कुठे ती कमी पडली, हे पाहायला कोल्हापूर ही चांगली जागा आहे. त्यातही राजारामपुरी. शाहूंच्या चिरंजीवांचं, राजाराम महाराजांचं नाव घेतलेली, आकड्यांच्या गल्ल्यांची ही वसाहत. शिरोड्याची शाळा सोडून १९३८ साली कोल्हापुरास आलेले वि. स. खांडेकर याच राजारामपुरीत राहिले. ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४चा ज्ञानपीठ खांडेकरांच्या रूपाने पहिल्यांदा मराठीकडे आला. त्या कादंबरीबद्दल पुढे सविस्तर बोलायचं आहे, कारण तिच्यातल्या दोन बायकांविषयी आपण वाचकांनी फार घाईने निकाल दिला असं मला वाटतं.

त्याआधी अभ्यासक या प्रकाराकडे कसे पाहतात ते थोडक्यात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ साली एक पुस्तक लिहून असं मांडलं की, मारहाण हा छळाच्या संसाराचा एक भाग असतो, आणि पुष्कळदा तो मुख्य भाग नसतो. मुख्य भाग असतो ताबा. बाईला तिच्या माणसांपासून तोडणं, तिचा पैसा आणि तिचा वेळ मुठीत ठेवणं, बारीकसारीक नियम घालणं, आणि त्या नियमांची धास्ती इतकी मुरवणं की नवरा घरात नसतानाही ती ते पाळत राहील. स्टार्क यांनी याला स्वातंत्र्यावरचा गुन्हा म्हटलं. इंग्लंडने २०१५ साली कायदा करून जवळच्या नात्यातलं असं नियंत्रण गुन्हा ठरवलं. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही बायकांना मारहाणीखेरीज आणखी काही प्रश्न विचारतात. परपुरुषाशी बोललात तर नवरा संतापतो का? तुमच्यावर संशय घेतो का? मैत्रिणींना भेटू देत नाही का? माहेरच्यांशी संबंध कमी करायला लावतो का? तुम्ही कुठे आहात हे सतत कळलं पाहिजे असा त्याचा हट्ट असतो का? २०१९ ते २१च्या फेरीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हात न उगारता चाललेला ताबा त्या आकड्यात पूर्ण येत नाही, म्हणूनच हे जादा प्रश्न.

हेच प्रश्न हरिभाऊ आपट्यांनी एकशे तीस वर्षांपूर्वी विचारले होते. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः येत गेली. यमू स्वतःची हकीकत स्वतः लिहिते, अशी तिची रचना. एका पुरुषाने बाईच्या तोंडून ‘मी’ म्हणत सगळी कादंबरी लिहावी हे तेव्हा नवीन होतं. आणि या विषयाला दुसरा मार्गही नव्हता. बाहेरून पाहिलं तर यमूच्या सासरी काय दिसतं? खाऊनपिऊन सुखी असं भरलं घर. आतून पाहिलं की कळतं, तिने पुस्तक हातात धरलं तर टोमणे, नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलली तर कुजबूज, हसली तरी कुणी तरी पाहतंय. तिचा नवरा भला आहे, सुधारक विचारांचा आहे. त्याच्याबरोबर मुंबईला बिऱ्हाड केल्यावर ती वाचते, चार माणसांत वावरते, मोकळी होते. तो जातो आणि ते सगळं एका दिवसात संपतं. सासरच्या शंकरमामंजींच्या हुकमाने तिचं केशवपन होतं.

यमूची मैत्रीण दुर्गी हिचा नवरा उघडउघड छळणारा आहे. दुर्गीचे हाल वाचताना राग येतो. यमूचं वाचताना मात्र भीती वाटते, आणि ती भीती मला जास्त मोलाची वाटते. कारण यमूच्या वाट्याला चांगला नवरा आला, तरी तिचं स्वातंत्र्य तिचं झालंच नाही. ते नवऱ्याच्या चांगुलपणावर उभं होतं. त्याचा श्वास थांबला तसं तेही थांबलं. दुर्गीला वाईट नवरा मिळाला, यमूला चांगला, आणि दोघींचा शेवट एकाच अंधारात. हरिभाऊंनी या दोघींना शेजारी ठेवलं यात त्यांची सगळी दृष्टी आहे.

हाच विषय पुढे पडद्यावरही आला. ‘प्रभात फिल्म कंपनी’ १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. पुण्यात तिने १९३७ साली ‘कुंकू’ काढला. कथा नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीची, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं. पोरकी नीरा मामाच्या घरी वाढते. मामा पैसे घेऊन तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या, काकासाहेबांच्या गळ्यात बांधतो. शांता आपटे नीरा झाल्या आणि केशवराव दाते काकासाहेब.

काकासाहेब खलनायक नाहीत. त्यांनी बायकोवर हात टाकल्याचं दृश्य नाही. ते शहरातले प्रतिष्ठित गृहस्थ आहेत. नीरा त्यांना नवरा मानायला नकार देते, तेव्हा ते दुखावतात, समजावतात, वाट पाहतात. आणि तरीही ती कैदेत आहे. घरातली आत्याबाई पहारेकऱ्यासारखी. काकासाहेबांचा मोठा मुलगा तिच्याकडे वाईट नजरेने बघतो आणि तिच्या हातच्या छड्या खातो. फक्त काकासाहेबांची मुलगी तिच्या बाजूची आहे. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. संततिनियमनाच्या प्रचारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या बाई पडद्यावर नीरेची बाजू घेत होत्या.

कादंबरी ‘मी’च्या तोंडून आतलं सांगू शकते. सिनेमाला ते बाहेरून दाखवावं लागतं. शांतारामांनी पार्श्वसंगीत वगळलं आणि घरातले आवाज ऐकवले. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक, पावलं, दारं. बाईला घरात कोंडलं की तिला दिवसभर जे ऐकू येत असतं तेच प्रेक्षकालाही ऐकू येतं. मला या बोलपटातली ही गोष्ट सगळ्यांत धीट वाटते. वाद्यमेळ असता तर आपण नीरेसाठी रडलो असतो. तो नाही म्हणून आपण तिच्याबरोबर त्या खोलीत बसतो. लंडनच्या रंगभूमीवर पुढच्याच वर्षी, १९३८ साली, पॅट्रिक हॅमिल्टनचं ‘गॅस लाइट’ आलं. त्यात नवरा बायकोला स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवतो. आजचा ‘गॅसलाइटिंग’ हा सगळीकडे वापरला जाणारा शब्द त्या नाटकातून आला. दोन दूरच्या शहरांत, एकाच सुमारास, कलावंतांना कळलं होतं की घराच्या भिंतीच माणसाला मोडू शकतात.

‘कुंकू’चा शेवट मात्र पाहा. काकासाहेबांना आपल्या हातून झालेला अन्याय कळतो आणि ते आत्महत्या करतात. जाताना नीरेने पुन्हा लग्न करावं असं लिहून ठेवतात. नीरा सुटते ती नवऱ्याच्या पश्चात्तापाने आणि त्याच्या मरणाने. कथाकाराला दुसरं दार सापडलं नाही, कारण तसं दार नव्हतंच. मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला, देशभर १९५५ साली. पुण्यातल्या नीरेला कोर्टात जायची वाटच नव्हती. ज्या कोल्हापुरात ‘प्रभात’चा जन्म झाला तिथे काडीमोड कायद्यात होता. मात्र तिथल्याही न्यायाधीशापुढे नीरेने काय दाखवलं असतं? वळ तर एकही नाही.

आता राजारामपुरीकडे, ‘ययाति’कडे.

महाभारतातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी आणि दैत्यराज वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा या मैत्रिणी. जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल होते, भांडण जुंपतं, देवयानी विहिरीत पडते. ययाति तिला वर काढतो आणि पुढे तिच्याशी लग्न करतो. अपमानाची भरपाई म्हणून देवयानी शर्मिष्ठेला दासी मागून घेते. खांडेकरांनी ही कथा तिघांच्या तोंडून सांगितली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने ‘मी’ म्हणतात. त्यामुळे एकच घर तीन बाजूंनी दिसतं. राजाच्या निवेदनात जे प्रेमभंगाचं दुःख असतं, तेच राणीच्या निवेदनात घुसमट होऊन येतं.

वाचकाच्या मनात देवयानी कशी राहते? गर्विष्ठ, हट्टी, नवऱ्याला सुख न देणारी. खांडेकरांनाही तिच्याविषयी फार माया होती असं दिसत नाही. त्यांचा ओढा शर्मिष्ठेकडे. ती सोसते, देते, कुणाला दोष देत नाही. शाळा-कॉलेजातल्या कितीतरी परीक्षांत ‘देवयानी व शर्मिष्ठा यांची तुलना करा’ असा प्रश्न येतो आणि मुलं अहंकार विरुद्ध त्याग असं लिहून गुण मिळवतात.

मला ही तुलना मान्य नाही. देवयानीच्या बाजूने एकदा पुन्हा वाचून पाहा. मद्य पिऊन आलेला नवरा तिला नको असतो. मद्याशी तिच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी जखम जोडलेली आहे. वडिलांचा शिष्य असलेल्या तिच्या लाडक्या कचाची राख दैत्यांनी मद्यात कालवून तिच्या वडिलांना पाजली होती. त्या वासाने ती पेटून उठते. पुढे शुक्राचार्यांचं नाव मधे आणून ती राजाकडून आपल्यापासून दूर राहण्याचं वचन घेते. यात तिचा अहंकार असेलही. पण तिच्या हातात दुसरं काय होतं? हस्तिनापूरच्या राजाला ‘मला हात लावू नकोस’ असं म्हणणारी ती एकटी बाई होती, आणि तो शब्द पाळला जात होता तो फक्त तिचा बाप शाप देऊ शकतो म्हणून. तिच्या नकाराला स्वतःचं वजन नव्हतं, बापाचं वजन होतं.

दुसरीकडे शर्मिष्ठा. राज्याच्या हितासाठी ती स्वतःहून दासी होते, हे खांडेकरांनी फार सुंदर रंगवलं आहे. पण दासी ती आहेच. राजा अशोकवनात तिच्याकडे येतो आणि त्यांचं प्रेम फुलतं, असं दोघांचंही निवेदन सांगतं. प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. दासीला राजाला नाही म्हणता आलं असतं का, हा प्रश्न मात्र कादंबरी विचारत नाही. आणि हे उघडकीला आल्यावर तिला कोंडणारी, तिच्या जिवावर उठणारी देवयानीच असते. शर्मिष्ठेला आपल्या तान्ह्या मुलाला, पुरूला घेऊन रात्री चोरून हस्तिनापूर सोडावं लागतं. नवऱ्याच्या घरात स्वतःचं काहीच न चालणारी बाई तिच्याहून दुबळ्या बाईवर सगळी सत्ता गाजवते, हे चित्र आपल्या घराघरांतलं आहे. ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या सासरच्या बायका आणि ‘कुंकू’मधली आत्याबाई त्याच रांगेतल्या. ताब्याच्या संसारात राखण बहुधा बायकाच करतात. कारण त्या घरात बाईला मिळणारं एवढंच एक पद असतं.

खांडेकरांची चूक काढायची म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांनी देवयानीला ‘मी’ म्हणू दिलं, म्हणूनच आज आपण तिची बाजू वाचू शकतो. लेखकाची सहानुभूती एकीकडे आणि पात्राचा आवाज दुसरीकडे, असं मोठ्या कादंबरीतच घडतं. तक्रार आहे ती आपल्या वाचण्याविषयी. सोसणारी ती चांगली आणि नाही म्हणणारी ती माजोरी, अशी वाटणी आपण पुस्तकात केली. मग घरातल्या मुलीने नाही म्हटलं तेव्हा तीच वाटणी तिच्याही वाट्याला आली.

कोल्हापूरहून वीसेक किलोमीटरवर कागल. आनंद यादव तिथले. त्यांची ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ची, १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकण्यासाठी झुंजलेल्या पोराची गोष्ट म्हणून ती ओळखली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात आईची एक गोष्ट आहे. लहानपणी लग्न झालेली, बाळंतपणांनी आणि रानातल्या कामाने वाकलेली, नवऱ्याचा मार खाणारी तारा. आनंदाची शाळा वडिलांनी बंद केलेली असते. पोराला पुन्हा शाळेत जायचं आहे हे तिला कळतं. पण नवऱ्यापुढे हा विषय काढायची तिची हिंमत नाही. काढला तर तो अंगावर धावून येणार हे तिला माहीत आहे. मग मायलेक रात्री गावातल्या वजनदार माणसाकडे, दत्ताजीराव देसायांकडे जातात. ती त्यांना सगळं सांगते आणि वर बजावते की, आम्ही इथे येऊन गेलो हे त्यांना कळू देऊ नका. दत्ताजीराव नवऱ्याला वाड्यावर बोलावून घेतात, झापतात, आणि पोराची शाळा सुरू होते.

हा प्रसंग मुलं पाठ्यपुस्तकात वाचतात आणि आनंदाच्या जिद्दीवर निबंध लिहितात. ताराकडे पाहा. स्वतःच्या मुलाच्या शाळेबद्दल स्वतःच्या नवऱ्याशी बोलायला या बाईला तिसऱ्या पुरुषाचं घर गाठावं लागतं, तेही लपून, तेही खोटं निमित्त तयार ठेवून. तिची हुशारी आणि तिची कैद एकाच कृतीत दिसतात. देवयानीच्या मागे शुक्राचार्य, ताराच्या मागे दत्ताजीराव, यमूच्या मागे तिचा सुधारक नवरा, नीरेच्या मागे काकासाहेबांची मुलगी. राजवाडा असो की कागलचं मातीचं घर, बाईचं बळ उसनं आहे. ज्याचं आहे तो ते केव्हाही परत घेऊ शकतो.

हे उसनेपण विजय तेंडुलकरांनी शहरी, शिकलेल्या, पुरोगामी घरात नेलं. ‘कमला’ १९८१चं. दिल्लीतला धडाडीचा पत्रकार जयसिंग जाधव बायकांचा बाजार भरतो हे सिद्ध करायला एक आदिवासी बाई विकत घेऊन घरी आणतो. कमला नावाची ती बाई त्याच्या बायकोला, सरिताला, अगदी निरागसपणे विचारते की, तुला कितीला घेतलं? सरिता हादरते. जयसिंगने तिला कधी मारलेलं नाही. तिला चांगलं घर आहे, चांगले कपडे आहेत, आणि त्याचे फोन घ्यायचं, त्याच्या पाहुण्यांचं बघायचं, त्याच्या इच्छेप्रमाणे तयार राहायचं काम आहे. तिला स्वतःची जागा दाखवायला एक विकलेली बाई यावी लागते. ताबा म्हणजे काय ते मराठीत इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

दोन वर्षांनी आलेलं ‘कन्यादान’ जास्त गाजलं आणि जास्त वादात सापडलं. समाजवादी आमदाराची मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते आणि तो तिला मारतो. मारहाण करणारा नवरा दलित दाखवल्याबद्दल तेंडुलकरांवर टीका झाली, आणि ती टीका रास्त होती. बायकोला मारणारे सगळ्या जातींत आहेत, आणि वरच्या जातींतल्या बंद दारांमागचं तर सहसा बाहेर येत नाही. तरी नाटकातल्या बापाचं, नाथ देवळालीकरांचं चित्रण मला विसरता येत नाही. स्वतःच्या विचारांना तडा जाऊ नये म्हणून तो मुलीला तिथेच राहायला सुचवत राहतो. छळाच्या संसाराला असे मदतनीस लागतात. ते कधी परंपरेचे असतात, कधी पुरोगामी.

बायकांनी स्वतः लिहायला घेतल्यावर शेवट बदलू लागले. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ काढलं, तेव्हा लेखिका कोण याचा शोध घेत लोक संतापाने पेटले होते. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ची अचला मोडलेल्या लग्नाबाहेर स्वतःचं आयुष्य मागते. आणि २००५ साली कविता महाजनांच्या ‘ब्र’मधली प्रफुल्ला छळाच्या संसारातून बाहेर पडून आदिवासी भागातल्या महिला सरपंचांमध्ये काम करायला लागते. तिथे तिला दिसतं की खुर्चीवर बाई आणि कागदावर सही करणारा हात नवऱ्याचा, हे चित्र ग्रामपंचायतीतही तसंच आहे. यमूपासून प्रफुल्लापर्यंत एक मोठा फरक पडला. यमूची कादंबरी तिच्या मरणाने संपते. प्रफुल्लाची, ती घराबाहेर पडते तिथून सुरू होते. नवरा मेल्याशिवाय किंवा पालटल्याशिवाय बाई सुटते, ही गोष्ट मराठी कादंबरीला जमायला शंभरावर वर्षं लागली.

‘ब्र’ आली त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा संमत झाला. ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आहे. कथा-कादंबरी जे इतकी वर्षं सांगत होती ते या कायद्यात पहिल्यांदा कलमांत आलं. त्यात शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही मोजला जातो. टाकून बोलणं, आवडत्या माणसाला इजा करण्याची धमकी देणं, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं, राहत्या घरातून बाहेर काढणं हे सगळं त्यात आहे. वळ नसला तरी तक्रार होते. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क बाईला मागता येतो. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही हे संरक्षण आहे. नीरेच्या काकासाहेबांचं किंवा सरिताच्या जयसिंगचं घर आज निदान या कायद्याच्या नजरेच्या टप्प्यात येतं.

देवयानीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, जुनी दंडसंहिता गेली, पण कलम ६३मध्ये तो जुना अपवाद राहिलाच. बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने तिच्या इच्छेविरुद्ध केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला नाही म्हणणाऱ्या बाईला आजही फौजदारी कायद्यात शुक्राचार्यच शोधावा लागतो. हा अपवाद काढून टाकला पाहिजे. शाहूंच्या गावाने तर ही मागणी सगळ्यांच्या आधी करायला हवी.

हे वाचणाऱ्या कुणाला यमू, नीरा किंवा तारा आपल्या ओळखीची वाटली, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तातडीसाठी ११२. प्रत्येक जिल्ह्यात या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात आणि अर्ज लिहून देण्याचं काम त्यांचंच आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.